डोळा सुजला, पण मूळ नाकात होतं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही इंदिरानगरला राहतो, सासर निफाडजवळच्या गावात. माझा मुलगा २०१९ चा. डिसेंबरात आम्ही गावी होतो तेव्हा त्याला सर्दी झाली आणि आठवडा उलटला तरी नाक गळतच राहिलं. एके दिवशी सकाळी उठला तर डावी पापणी सुजून डोळा अर्धा मिटलेला. ताप नव्हता, खेळत होता. सासूबाई म्हणाल्या, डास चावला असेल. मिस्टरांनी मेडिकलमधून थेंब आणले, ते घातले. दुसऱ्या दिवशी ताप भरला, डोळा पूर्ण बंद झाला आणि "डोळा हलवला की दुखतं" असं म्हणून तो रडायला लागला. तसंच उचलून नाशिकला आणलं. सीटी स्कॅन झाला, डोळ्याच्या खोबणीत इन्फेक्शन गेलंय असं सांगून अॅडमिट केलं, सलाईनमधून अँटिबायोटिक दिलं. देवाच्या दयेने ऑपरेशनची वेळ आली नाही, आता तो बरा आहे. पण मला झोप लागत नाही. सर्दी तर सगळ्याच मुलांना होते, मग यालाच असं का झालं? आम्ही एक दिवस घालवला म्हणून वाढलं का? पुन्हा होईल का? धाकटी पाच महिन्यांची आहे, तिच्या एका डोळ्यातून जन्मापासून पाणी येतं आणि सकाळी चिपडाने डोळा चिकटतो. तिलाही हे लागेल का? सासूबाईंना शुगर आहे, त्यांना सारखी रांजणवाडी होते, त्या ती दाबून फोडतात. मिस्टर द्राक्षबागेत असतात, त्यांच्या डोळ्याला काही ना काही लागतच असतं. आमच्या घरात कुणाला जास्त धोका आहे आणि मी नेमकं काय बघायचं, हे कृपा करून सांगा.
एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या मनात जे सलतंय त्याचं उत्तर आधी देते. तो काटा निघाल्याशिवाय पुढचं वाचण्यात तुमचं लक्ष लागणार नाही. पहिल्या दिवशी सकाळी ताप नव्हता, मूल खेळत होतं, सुजली होती ती फक्त पापणी. अशा वेळी बहुतेक घरांत डासावरच संशय जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. संसर्ग सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्यांत, आधीपासून मुरलेला होता. त्या एका दिवसाने तो उभा केला नाही. "डोळा हलवला की दुखतं" हे त्याचं वाक्य तुम्ही गांभीर्याने घेतलंत आणि आणखी एका रात्रीची वाट न बघता त्याला नाशिकला आणलंत, हे या सगळ्यात सर्वांत मोलाचं होतं. या आजारात ते वाक्य ऐकूनही थांबलं तर नजर जाऊ शकते, जिवावर बेतू शकतं.

आता "यालाच का?" याकडे येते. डोळ्याभोवतीच्या भागात जंतूसंसर्ग होतो तेव्हा त्याची सुरुवात बुबुळात किंवा डोळ्याच्या आत क्वचितच झालेली असते. ती शेजारी कुठेतरी झालेली असते, नाकाच्या सायनसमध्ये, पापणीच्या कातडीवर, अश्रूपिशवीत, कधी वरच्या दाढेच्या मुळाशी. म्हणून धोका कुणाला, हे बघताना आधी हे शेजारी तपासायचे. मोठ्या माणसांत त्यात आणखी एक गोष्ट धरायची, ती म्हणजे रक्तातली साखर.

पापणीच्या आत एक पातळ, चिवट पडदा असतो. आपण बोलताना ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो तो मागचा, नजरेचा. हा वेगळा. खोबणीच्या हाडाच्या कडेपासून निघून तो पापणीत उतरतो आणि पुढचा भाग मागच्या भागापासून वेगळा ठेवतो. संसर्ग या पडद्याच्या पुढे राहिला तर पापणी लाल होते, सुजते, गरम लागते, पण आतला डोळा शाबूत असतो. नीट दिसतं, डोळा सगळीकडे फिरतो, फिरवताना दुखत नाही. हा प्रकार खूप जास्त आढळतो, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांत, आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेकदा तोंडावाटेच्या अँटिबायोटिकने बरा होतो. संसर्ग पडद्याच्या मागे, खोबणीत गेला की गोष्ट बदलते. तिथे डोळा हलवणारे स्नायू आहेत, नजरेची नस आहे आणि सूज पसरायला जागा नाही, कारण बाजूने हाडं आहेत. मग डोळा पुढे येतो, हलेनासा होतो, नसेवर दाब येतो. तुमच्या मुलाला हा दुसरा प्रकार झाला.

खोबणीतल्या संसर्गाचं सगळ्यात मोठं कारण सायनस हेच आहे. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मुळाशी, हवेच्या बारीक बारीक कप्प्यांचा एक सायनस असतो. तो आणि गालामागचा सायनस जन्मापासूनच असतात. कपाळातला मात्र साधारण सहा ते आठ वर्षांच्या सुमारास नीट तयार होऊ लागतो. मधल्या सायनसचे कप्पे आणि डोळ्याची खोबण यांच्यात जे हाड आहे ते कांद्याच्या पापुद्र्याइतकं पातळ असतं. त्यातून बारीक रक्तवाहिन्या आरपार जातात, आणि चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांमधून रक्त दोन्ही दिशांनी वाहू शकतं. म्हणून आठ-दहा दिवस सर्दी मुरली, सायनसचं तोंड सुजून बंद झालं, आत पू साठला, की तो या पातळ भिंतीतून डोळ्याकडे सरकू शकतो. हाड आणि त्यावरचं आवरण यांच्या मधे पू जमला तर ऑपरेशन करून तो काढावा लागू शकतो. तुमच्या मुलाच्या सीटीत डॉक्टर हेच शोधत होते.

सर्दी सगळ्यांनाच होते हे खरं. बहुतेक मुलांत ती आठवड्याभरात उतरते आणि सायनसची तोंडं मोकळी होतात. ज्यांची तोंडं बंदच राहतात, त्यांना धोका. अशी मुलं कोणती? ज्यांना अॅलर्जीची सर्दी असते, म्हणजे सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा, नाक सारखं चोळणं, डोळ्यांना खाज. ज्यांच्या नाकामागच्या गाठी, अॅडिनॉइड, वाढलेल्या असतात. ही मुलं तोंड उघडं ठेवून झोपतात, घोरतात. ज्यांच्या घरात कुणी बिडी-सिगारेट ओढतं किंवा बंद खोलीत चुलीचा, कॉइलचा धूर कोंडतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा खिडक्या बंद, शेकोटी पेटलेली, एका खोलीत सगळे झोपलेले, आणि एका मुलाची सर्दी तिघांना. खोबणीतल्या संसर्गाची मुलं हिवाळ्यात जास्त दिसतात ती यामुळे. आणि हा आजार मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो.

तेव्हा त्याचा डोळा बरा झाला असला तरी नाकाचं काम बाकी आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा शांतपणे दाखवा. तो घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, वर्षातून किती वेळा अशी लांबलेली सर्दी होते, हे आधी आठवून ठेवा. तपासणीपेक्षा या माहितीवर जास्त ठरतं. अॅलर्जी निघाली तर नाकाचा स्प्रे काही महिने वापरायला सांगतील. तो डॉक्टरांच्या सांगण्यानुसार नियमित वापरायचा. चार दिवसांत सोडून देऊ नका, त्याचा परिणाम हळूहळू दिसतो. एरवी सर्दीत सलाईनचे नाकाचे थेंब पुरेसे असतात. जोरजोरात नाक शिंकरायला लावू नका.

सर्दी कधी साधी आणि कधी नाही, हे आईला ओळखता यायला हवं. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असं नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो चौथ्या-पाचव्या दिवशी घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो. डॉक्टरांकडे जायचं ते तीन परिस्थितींत. दहा दिवस झाले आणि काहीच उतार नाही. किंवा बरं वाटायला लागलं होतं आणि मग पुन्हा ताप आला, सर्दी उलटली. किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस सलग १०२ च्या वर ताप आणि नाकातून पू. आणि यातलं काहीही नसताना सर्दीत एका बाजूची पापणी सुजली तर दहा दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

लसीचं कार्ड काढा. पूर्वी लहान मुलांच्या डोळ्याभोवतीच्या संसर्गात 'हिब' या जंतूचा मोठा वाटा असे आणि तो रक्तात, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचत असे. लस आल्यावर त्याचं प्रमाण खूप कमी झालं. आपल्याकडे ती पेंटाव्हॅलंट लसीत मिळते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरुवात होऊन ती पुढे देशभर आली, त्यामुळे तुमच्या मुलाला मिळालेली असणार. न्यूमोनियाच्या जंतूवरच्या न्यूमोकोकल लसीचं तसं नाही. सरकारी कार्यक्रमात ती देशभर पोहोचली २०२१ मध्ये, म्हणजे तुमच्या मुलाचं बाळपणाचं लसीकरण उरकल्यावर. खासगीत घेतली नसेल तर ती राहिलेली असू शकते. या वयात ती द्यावी का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा, आजारपणाचा कागद सोबत न्या. दरवर्षीच्या फ्लूच्या लसीबद्दलही त्याच भेटीत बोला. धाकटीच्या न्यूमोकोकलचे डोस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे आहेत. दोन झाले असतील, तिसरा चुकवू नका.

पुन्हा होईल का? बहुतेक मुलांना हा आजार आयुष्यात एकदाच होतो. दुसऱ्यांदा झाला तर मात्र नुसतं औषध देऊन सोडून द्यायचं नाही. मग सायनसची रचना, अॅलर्जी, अश्रूमार्ग, आत अडकलेली एखादी वस्तू, प्रतिकारशक्ती हे सगळं तपासावं लागतं. हा आजार हाताने किंवा टॉवेलने धाकटीला लागत नाही. लागते ती सर्दी. तेव्हा त्याला सर्दी असताना तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊ देऊ नका, एवढं पुरे.

पोहणं आणि पाण्यात उड्या मारणं मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञ हो म्हणेपर्यंत बंद. नाशिकची आई आहात म्हणून आताच सांगून ठेवते, रंगपंचमीला त्याला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, न्यायचा कुणाचा विचार असेल तर या वर्षी नको. रहाडीत उडी मारली की पाणी नाकात शिरतंच, आणि त्या पाण्यात किती जणांनी उड्या मारलेल्या असतात.

डासाचा विषय थोडक्यात. चावा खाजतो, सूज मऊ आणि फिकट गुलाबी असते, एक-दोन दिवसांत उतरते. मुलाने खाजवून खाजवून कातडी सोलवटली की मात्र नखातले जंतू आत जातात आणि तिथून पापणीचा संसर्ग सुरू होतो. त्वचेवर मुळातच असलेले जंतू यात पुढे असतात. इसब, कांजिण्यांची फोडं, नाकाखाली आलेली पिवळी खपली धरणारी पुळी, डोळ्याजवळची खरचट, या सगळ्यांचं तेच. नखं कापलेली ठेवा. दोन्ही डोळे एकदम सुजलेत, खाज आहे, ताप नाही, तर बहुतेकदा अॅलर्जी असते.

आता धाकटी. अश्रू डोळ्यातून नाकात उतरतात त्या नळीचं खालचं तोंड पुष्कळ बाळांत जन्माच्या वेळी उघडलेलं नसतं. त्यामुळे डोळा पाणावतो, सकाळी चिकटतो. साधारण दहातल्या नऊ बाळांत हे पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप मोकळं होतं. तोपर्यंत मालिश. हात साबणाने धुवायचे, नख कापलेलं हवं. डोळ्याचा नाकाकडचा कोपरा आणि नाकाचं हाड यांच्या मधे बोटाचं टोक ठेवून हलका पण ठाम दाब द्यायचा आणि बोट नाकाच्या कडेने खाली सरकवायचं. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा, दूध पाजताना केलं तरी चालतं. पहिल्यांदा डॉक्टरांकडून बोट धरून शिकून घ्या, कारण बहुतेक आया नुसती कातडी चोळतात आणि मग "फरक नाही" म्हणतात. चिपड उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसायचं, दर वेळी नवा कापूस. वर्षाची झाली तरी पाणी येतच राहिलं तर नळी मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात.

अश्रू साचून राहतात म्हणून नळीच्या वरच्या अश्रूपिशवीत पू होण्याची शक्यता असते, आणि लहान बाळात तो संसर्ग डोळ्याभोवती लवकर पसरतो. नाकाच्या कडेला लाल, तटतटलेली, हात लावला की रडवणारी गाठ दिसली तर मालिश ताबडतोब थांबवा आणि लगेच रुग्णालयात जा, विशेषतः ताप असेल किंवा ती दूध ओढत नसेल तर. एक वर्षाखालच्या बाळाला डोळ्याभोवती संसर्ग असेल तर डॉक्टर बहुतेकदा भरती करून घेतात. त्याला घाबरून घरी परतू नका. आणि तिच्या डोळ्यात काहीही घालू नका. आईचं दूध नको, मध नको, गुलाबपाणी नको. काजळ तर मुळीच नको. बोटाने काजळ घालताना नखाची खरचट आणि जंतू दोन्ही जातात, काही काजळ-सुरम्यांत शिसंही सापडलेलं आहे. आजींना दृष्टीची काळजी असेल तर तळपायाला तीट लावू दे, डोळ्यापासून लांब.

ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती सासूबाईंची, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलंय. मुलाचा आजार दिसला, गाजला, बरा झाला. सासूबाईंची शुगर आणि रांजणवाडी घरात इतकी सवयीची झालीय की तिच्याकडे कुणी बघत नाही.

रांजणवाडी म्हणजे पापणीच्या कडेच्या ग्रंथीत झालेला छोटा पू. तो दाबून फोडला की काही पू बाहेर येतो आणि काही आत, पापणीच्या मऊ भागात ढकलला जातो. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ, तिच्याखाली सैल जागा, म्हणून संसर्ग झरझर पसरतो. त्यात साखर वाढलेली असेल तर जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. फोडायचं नाही, सुईने टोचायचं नाही, पापणीचा केस उपटायचा नाही, लवंग उगाळून लावायची नाही. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ रुमालाने दहा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चार वेळा. बहुतेक रांजणवाड्या एवढ्याने आपसूक फुटतात किंवा विरतात. शेक सोसवेल इतकाच गरम ठेवा, मधुमेहात कातडी लवकर भाजते.

सारखी सारखी होते याचा अर्थ दोनपैकी एक किंवा दोन्ही. पापणीच्या कडांना जुनाट सूज आहे, पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण दिसतात, आणि ते रोज साफ करायला हवेत. किंवा शुगर ताब्यात नाही. नुसती उपाशीपोटीची शुगर बघून समाधान मानू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करा. आणखी एक, जे सगळे डॉक्टरही वेळेवर बोलत नाहीत. साठीच्या पुढच्या माणसाला पापणीवर त्याच त्या जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल, तिथले केस गळाले असतील, तर ती रांजणवाडी आहे असं गृहीत धरू नये. पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर अगदी असाच दिसतो, आणि पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. तुकडा काढून तपासला की कळतं. सासूबाईंना हेच असेल असं मी म्हणत नाही. गाठ एकाच जागी येते की जागा बदलते, एवढं त्यांना विचारा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मधुमेहींच्या बाबतीत २०२१ चा उन्हाळा आपण कुणीच विसरू शकत नाही. कोविडमधून उठलेल्या, स्टिरॉइड घेतलेल्या, साखर भडकलेल्या किती माणसांना काळ्या बुरशीने गाठलं, किती जणांचे डोळे काढावे लागले. त्या साथीतून लोकांनी असा समज करून घेतला की काळी बुरशी कोविडसोबत आली आणि कोविडसोबत गेली. म्युकरमायकोसिस, म्हणजेच काळ्या बुरशीचा हा आजार, त्याच्या आधीही होता आणि आजही आहे. बेताबाहेर गेलेला मधुमेह, विशेषतः रक्तात आम्ल साठण्याची अवस्था, हा त्याचा सर्वांत मोठा धोका. सासूबाईंनी गाल किंवा नाकाची एक बाजू बधिर झाल्यासारखी वाटते म्हटलं, नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव आला, टाळूवर काळा डाग दिसला, एक पापणी खाली पडली, एकाचे दोन दिसायला लागले, तर त्याच तासाला निघायचं. यात बुरशी रक्तवाहिन्या बंद करत जाते आणि काही तासांनीही फरक पडतो. साध्या अँटिबायोटिकने ती हटत नाही. त्यांना वरच्या दाढेचं दुखणं असेल तर तेही अंगावर काढू देऊ नका. दाढेच्या मुळाचा पू गालामागच्या सायनसमध्ये आणि तिथून डोळ्याकडे जाऊ शकतो.

मेडिकलमधून आणलेल्या थेंबांबद्दल स्पष्ट बोलते. डोळ्यात घातलेला थेंब डोळ्याच्या पृष्ठभागावर काम करतो. पापणीच्या आत किंवा खोबणीत गेलेल्या संसर्गापर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणजे त्याने दिलासा मिळतो आणि वेळ जातो. त्याहून वाईट म्हणजे त्यातल्या पुष्कळ बाटल्यांत अँटिबायोटिकसोबत स्टिरॉइड असतं. लाली दोन दिवस उतरते, संसर्ग आत वाढत राहतो. खाजेच्या मिश्र मलमांचं तेच, ती पापणीवर लावणारी माणसं मी बघते तेव्हा जीव तुटतो. घरातली जुनी बाटली, उघडून महिना झालेली, कुणाला तरी लिहून दिलेली, ती आज टाकून द्या.

मिस्टरांसाठी फार लिहीत नाही, एवढंच की छाटणीच्या वेळी साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावा म्हणावं, एप्रिलची असो की ऑक्टोबरची. काडी झपकन उलटते, तारेचं टोक लागतं. लाकडाचा बारीक तुकडा पापणीतून आत घुसला तर बाहेरची जखम भरून येते आणि तुकडा आत राहतो. आठवड्याने, कधी बऱ्याच दिवसांनी सूज आणि पू. लाकूड सीटीत हवेसारखं दिसू शकतं, त्यामुळे "काडी लागली होती" हे डॉक्टरांना सांगितलं नाही तर तो तुकडा नजरेतून निसटतो. काही रुतलेलं दिसलं तर शेतात उपटायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा. आणि चेहऱ्यावर जोराचा मार बसून डोळ्याभोवती काळंनिळं झालं असेल तर नाक शिंकरायचं नाही. खोबणीचं हाड तडकलेलं असेल तर सायनसमधली हवा आणि जंतू थेट डोळ्यामागे जातात.

घरात कुणाचीही पापणी लाल आणि गरम होऊन सुजली तर त्याच दिवशी डॉक्टर. पण पुढचं काही दिसलं तर वेळ बघायची नाही, रात्रीचे दोन असले तरी निघायचं. डोळा हलवताना दुखतो किंवा एका बाजूला फिरतच नाही. डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला दिसतो. अंधुक किंवा दोन-दोन दिसतं. लाल रंग त्या डोळ्याने फिका दिसतो. लाल झाकण एकेक डोळा झाकून दाखवा, सात वर्षांचं मूलही बरोबर सांगतं. सूज इतकी की पापणी उचलून डोळा बघताच येत नाही. जोराचा ताप, उलट्या, डोकेदुखी, मान कडक, मूल मलूल. आणि एका डोळ्याची सूज दुसऱ्या डोळ्यावर येणं, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरेत रक्ताची गाठ झाल्याचं लक्षण असू शकतं.

कुठे जायचं, हेही आधी ठरवून ठेवा, कारण गावाहून रात्री निघताना सुचत नाही. या आजाराला डोळ्यांचा दवाखाना एकटा पुरत नाही. बालरोगतज्ज्ञ, डोळ्यांचे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि सीटी स्कॅन जिथे एका छताखाली किंवा अगदी जवळ आहेत असं मोठं रुग्णालय हवं. आधी फोन करून "रात्री डोळ्यांचे डॉक्टर बोलावता का" एवढं विचारून तो नंबर फ्रिजवर लावा. पैशांची अडचण असेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, गाडी नसेल तर १०८ आहे. तापाचं औषध देऊन निघा, पण शिल्लक असलेलं अँटिबायोटिक घरी सुरू करू नका. पुढच्या तपासण्या त्याने धूसर होतात.

आता या आठवड्याचं काम. डिस्चार्जच्या कागदावर तोंडावाटेच्या अँटिबायोटिकचे जेवढे दिवस लिहिलेत तेवढे पूर्ण झाले का, ते तपासा. मूल खेळायला लागलं म्हणून दोन दिवस आधी बंद केलेलं असेल तर आपणहून पुन्हा सुरू न करता ज्यांनी उपचार केले त्यांना फोन करून विचारा. सीटीची फिल्म आणि रिपोर्ट यांचे फोटो फोनमध्ये ठेवा, मूळ फाइल घरी एका जागी. मुलाची कान-नाक-घशाची भेट, धाकटीच्या मालिशचं शिकणं आणि सासूबाईंची एचबीएवनसी यांत आधी काय, असं विचाराल तर मी सासूबाईंची तपासणी आधी करायला सांगेन.